ज्योचं लग्न झालं की नाही?

प्रश्न : शांता शेळके यांची 'चौघीजणी', म्हणजे 'लिटल विमेन'चा अनुवाद, मी शाळेत असताना तीनदा वाचली. ज्यो शेवटी प्रोफेसर भाएरशी लग्न करते, हे मला पक्कं आठवतंय. परवा मुलीबरोबर 'लिटल विमेन' हा सिनेमा पाहिला, तर ती म्हणते, "आई, नीट बघ, तिचं लग्न झालेलंच नाही." खरं कुणाचं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पुस्तकापुरतं तुमचं, सिनेमापुरतं बहुधा लेकीचं. आणि लेखिकेच्या मनातलं विचाराल, तर तेही लेकीचंच.

बॉस्टनच्या प्रकाशकाने १८६८मध्ये 'लिटल विमेन'चा पहिला भाग काढला, तेव्हा त्यात लग्न ठरलं होतं ते फक्त थोरल्या बहिणीचं, मेगचं. पुस्तक हातोहात खपलं आणि मुलींची पत्रं येऊ लागली. बाकीच्यांची लग्नं कुणाशी होणार? ज्यो शेजारच्या लॉरीला हो म्हणणार ना? लेखिका लुइसा मे अल्कॉट वैतागली. बाईच्या जन्माचं सार्थक काय ते लग्नातच आहे, असंच या मुली धरून चालल्यात, अशी कुरकुर तिने डायरीत केली. कुणाच्याही समाधानासाठी ज्योला लॉरीच्या गळ्यात बांधणार नाही, हेही तिथेच ठरवून टाकलं. ती स्वतः जन्मभर बिनलग्नाची राहिली आणि ज्योनेही तसंच, लिहीत, एकटं राहावं असं तिला वाटे. पण वाचकही ऐकेनात आणि प्रकाशकही. मग १८६९च्या दुसऱ्या भागात तिने सगळ्यांवर खोडसाळ सूड उगवला. नवरा दिला, पण कसा? चाळिशीकडे झुकलेला, जाडसर, दाढीवाला, खिशाने फाटका जर्मन शिक्षक. मागणी घातली जाते ती भर पावसात, रस्त्यावरच्या चिखलात, एका छत्रीखाली, हातात बाजारहाटाची पुडकी असताना. राजबिंड्या लॉरीसाठी झुरणाऱ्या पोरींना हे पचणं कठीणच होतं.

कॅथरीन हेपबर्नच्या १९३३च्या चित्रपटापासून पडद्यावर ही छत्री गोड शेवट म्हणूनच उघडत आली. तुम्ही पाहिलेल्या २०१९च्या सिनेमाची दिग्दर्शिका ग्रेटा गर्विग हिने मात्र अल्कॉटचा डाव ओळखला. छत्रीचा प्रसंग चालू असतानाच ती आपल्याला प्रकाशकाच्या कचेरीत नेते. नायिकेचं लग्न लावा, नाहीतर पुस्तक खपायचं नाही, असं तो म्हणतो. ज्यो (सर्शा रोनन) कबूल होते, पण फुकट नाही. भाजीवालीशी करावी तशी घासाघीस करून ती रॉयल्टी ६.६ टक्क्यांवर नेते आणि स्वामित्वहक्क स्वतःकडेच ठेवते. त्यामुळे छत्रीखालचं चुंबन ज्योच्या आयुष्यातलं, की तिने विकण्यासाठी लिहिलेल्या प्रकरणातलं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. शेवटी ज्यो छापखान्यात काचेपलीकडे उभी असते. पानं शिवली जातात, लाल पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं ठसतात आणि ती प्रत ती छातीशी धरते. लग्नाच्या जागी हे! मला तरी हा शेवट फार आवडतो.

तक्रारी आहेतच. अल्कॉटने मुद्दाम अनाकर्षक केलेला भाएर इथे लुई गारेलसारखा देखणा, तरुण फ्रेंच नट झालाय, म्हणजे लेखिकेची खोडी पुन्हा फुकट गेली. प्रकाशकावरही अन्याय झालाय. स्वामित्वहक्क विकू नका, असा सल्ला अल्कॉटला दिला तो तिच्या प्रकाशकाकडच्या थॉमस नाइल्सनेच, आणि त्याच हक्काने पुढे तिचं नशीब उघडलं. लग्न म्हणजे बाईसाठी पैशाचा व्यवहार, असं ज्योची धाकटी बहीण एमी लॉरीला सुनावते तो प्रसंग जबरदस्त आहे. माझ्याजवळ पैसे असते, तरी लग्न होताच ते नवऱ्याचे झाले असते, असं ती सांगते तेव्हा मात्र वकील मंडळी भुवया उंचावतील. तिच्या मॅसॅच्युसेट्सने १८५५मध्येच विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता आणि कमाई राखण्याचा हक्क दिला होता. अर्थात कायदा झाला म्हणून घरात तो पाळला गेला, असं कुठे असतं?

लेकीला बिनलग्नाची ज्यो पुस्तकातच हवी असेल, तर तिला मूळ पुस्तकाच्या तेविसाव्या प्रकरणापाशी थांबायला सांगा. १८६८चा पहिला भाग तिथेच संपत होता. फक्त शेवटचं दृश्य नीट वाचायला सांगा. ज्यो खुर्चीत बसलीय, लॉरी मागे पाठीवर रेललाय, त्याची हनुवटी तिच्या कुरळ्या केसांच्या उंचीला आलीय, आणि समोरच्या उंच आरशात दोघं एकत्र दिसतायत. त्या आरशात पाहून तो तिच्याकडे हसून मान डोलावतो. आता हे स्वतः लिहिल्यावर पोरींनी पत्रं पाठवली, तर त्यात त्यांचं काय चुकलं?