गव्याचे रंग

आजऱ्याच्या डोंगरांत पाऊस फार पडतो. त्या पावसावर पोसलेल्या दाट रानात गवा राहतो. सायंकाळी कळप चरावयास झाडीबाहेर येतो, तेव्हा एक नवल दृष्टीस पडते. मोठा नर काळाभोर, माद्या तपकिरी आणि त्यांच्या पायांशी बिलगलेले वासरू मात्र सोनेरी!

हे वासरू निराळ्या जातीचे नव्हे. जन्मतः त्याचा रंग फिकट सोनेरी असतो. दिवस जातात तसतसा तो भुरा होतो, मग तांबूस तपकिरी. माद्यांचा रंग बहुधा असाच राहतो. नराचा रंग मात्र वयाबरोबर गडद होत जातो आणि म्हातारा नर कोळशासारखा काळा दिसतो. गुडघ्यांखालचे पाय तेवढे पांढरट. जणू मोजेच घातले आहेत! म्हणून जाणत्या माणसास रंगावरूनही गव्याच्या वयाचा अंदाज येतो.

कोल्हापूर जिल्ह्यातच दाजीपूर येथे १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झाले. तरीही चाऱ्यापाण्याच्या शोधात गवे शेतांपर्यंत येतात. अशा वेळी बांधावर एखादे सोनेरी वासरू एकटे दिसले, तर त्यास पोरके समजू नये. त्याची आई जवळच झाडीत असण्याचा संभव असतो. वासराच्या रक्षणासाठी ती धावून येते. तेव्हा त्यास हात न लावता निमूटपणे मागे फिरावे, यातच शहाणपण आहे.