शास्त्रज्ञाची दुसरी विद्या

गतवर्षीं आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी, जो हल्लीं रसायनशास्त्रांत संशोधन करीत आहे, येथें व्याख्यानास आला होता. वक्ता विद्वान्, विषयही उत्तम. परंतु पाऊण तास झाला तरी हा गृहस्थ शोधतो तरी काय, हें मागील बांकांवरील मुलांस कळेना. सभा संपल्यावर सातवींतील एका मुलानें त्यास अंगणांत गांठून विचारलें, "दादा, तुम्ही रोज सकाळीं प्रयोगशाळेंत जाऊन नेमकें काय करतां?" आणि काय नवल! पुढील दहा मिनिटें तो इतकें सुबोध बोलला कीं, भोंवतीं मुलांचा घोळका जमला.

त्याच्या अंगीं गुण होता. तो सभेंत कसा आणावा, हें मात्र त्यास कोणीं शिकविलें नव्हतें. ही विद्या शिकतां येते, याविषयीं मायकेल फॅरेडे याचें चरित्र पाहावें.

फॅरेडे हा लोहाराचा मुलगा, लंडनमधील एका पुस्तकबांधणीच्या दुकानांत उमेदवार. १८१२ सालीं दुकानाच्या एका गिऱ्हाइकानें त्यास रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. मुलानें टिपणें काढलीं, तीं स्वहस्तें बांधून डेव्हींकडे पाठविलीं, आणि १८१३ च्या मार्चमध्यें तो त्यांचा साहाय्यक झाला. डेव्ही केवळ पंडितांच्या मंडळींतच बोलत राहिले असते, तर हा मुलगा जन्मभर दुसऱ्यांचीं पुस्तकें बांधीत बसला असता.

पुढें स्वतः बोलण्याची पाळी येण्यापूर्वींच त्यानें इतर वक्त्यांचें बारकाईनें निरीक्षण केलें. सभागृहांतील हवा, उजेड, वक्त्याचे हावभाव, प्रयोगाच्या साहित्याची मांडणी, या सर्वांविषयीं त्यानें एका मित्रास पत्रें लिहिलीं. एक तास पुरे, हेंही त्यांतच आहे. (आम्हां शिक्षकांस हा उपदेश पचनीं पडणें कठीण!) त्यानें वक्तृत्वाचे धडे घेतले. एक मित्र श्रोत्यांत बसून त्याचे दोष टिपून घेई. बोलतांना घाई होते म्हणून तो 'सावकाश' असें लिहिलेलें पत्र समोर ठेववी. विजेचे महान् शोध लावणाऱ्या पुरुषास याची लाज वाटली नाहीं.

फळ काय झालें? मुलांसाठीं नाताळांत होणाऱ्या व्याख्यानमालांपैकीं एकोणीस एकट्या त्यानें दिल्या. १८६०-६१ च्या मालेंत त्यानें साधी मेणबत्ती घेतली. ज्योतीवर थंड भांडें धरलें कीं त्यावर दंव जमतें, म्हणजे ज्वलनांत पाणी उत्पन्न होतें. ज्योतींतून निघणाऱ्या ज्या वायूनें चुन्याची निवळी दुधाळ होते, तोच आपल्या उच्छ्वासांतही असतो. मेणबत्तीपासून श्रोत्याच्या स्वतःच्या श्वासापर्यंत!

आपल्या देशांतही केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानें २०१८ सालीं 'अवसर' नांवाची योजना काढली. पीएच्. डी. करणाऱ्या तरुणांनीं आपलें संशोधन सर्वसामान्य वाचकांस समजेल असें लिहावें, आणि उत्तम लेखांस पारितोषिक मिळावें, असा तिचा हेतु. हेतु स्तुत्य खरा. तथापि माझ्या मतें पारितोषिकाहून दोष टिपणाऱ्या त्या मित्राची गरज अधिक आहे. शिवाय प्रबंध इंग्रजींत लिहिणाऱ्या आपल्या मुलास घरीं आईला तो मराठींत सांगतां येत नाहीं, ही अडचण निराळीच.

त्याच माजी विद्यार्थ्यास यंदा आम्हीं पुन्हा पाचारण केलें आहे. अवधि अर्धा तास. तो सातवींतला मुलगा आतां आठवींत आहे. त्यास कागद-पेन्सिल देऊन पहिल्या बांकावर बसवावयाचें ठरलें आहे. वक्त्यास हें कळविलें, तेव्हां उत्तर आलें : "त्याचा कागद मला नंतर पाहावयास द्यावा."