कोयनेचा भूकंप, सह्याद्रीच्या दरडी

प्रश्न : आमचं गाव केम, तालुका करमाळा. घरातली वडीलधारी माणसं सांगतात, १९६७ साली कोयनेला भूकंप झाला तेव्हा पहाटे इथल्या मांडणीवरची भांडी वाजली होती. हिमालयात भूकंप झाला की डोंगरच्या डोंगर खाली आल्याचं आपण टीव्हीवर बघतो. मग कोयनेला सह्याद्रीचे कडे का कोसळले नाहीत? आणि आमच्या शेजारी उजनीचं एवढं पाणी साठलेलं आहे, त्यामुळे इथेही तसं काही होईल का?
— एक वाचक, केम (जि. सोलापूर)

उत्तर : भांडी वाजली असणारच. केमपासून कोयनानगर सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटरच्या पुढे आहे खरं, पण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी बसलेल्या त्या धक्क्याने मुंबईपासून गोव्यापर्यंत लोक झोपेतून उठून बसले होते. भूकंप ६.३ तीव्रतेचा होता. कोयनानगरातली बहुतेक घरं पडली किंवा फुटली. सुमारे १८० माणसं गेली, दोन हजारांवर जखमी झाली. कोयनेची वीज बंद पडली आणि मुंबईच्या कारखान्यांपर्यंत त्याची झळ पोचली.

आता दरडींचं. डोंगराचा उतार सदैव ओढाताणीत उभा असतो. वजन त्याला खाली खेचतं आणि दगडामातीची आपसातली पकड त्याला जागेवर ठेवते. खळ्यावर ज्वारी ओतली की रास ठरावीक उतार धरते; शेजारून भरलेली गाडी गेली की तिची एक बाजू सळसळत खाली येते. भूकंपात उताराचं असंच होतं. जमीन आडवी हलते, काही क्षण पकड सैल होते आणि जे आधीच निसटायच्या बेतात होतं ते निसटतं. शिवाय धक्का डोंगराच्या पायथ्यापेक्षा माथ्यावर जास्त जाणवतो, म्हणून माथ्याकडचे कडे आणि सुळके आधी सुटतात. कोयनेच्या धरणाच्या भिंतीतही त्या पहाटे हाच प्रकार दिसला. १०३ मीटर उंचीच्या त्या भिंतीला तडे गेले ते तळाशी नव्हे. वरच्या भागात जिथे भिंतीची जाडी एकदम कमी होते, नेमके तिथे गेले. भिंत टिकली, पुढे तिला मागून काँक्रीटचा भक्कम टेकू देण्यात आला. ती टिकली नसती तर खाली हेळवाक, पाटण, कराड होतं. ते चित्र मनात आणलं तरी अंगावर काटा येतो.

कोयनेच्या खोऱ्यात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, उतारांवरून दगडही सुटले. पण सबंध डोंगरच खाली आला आणि गाव गाडलं गेलं, असं मोठ्या प्रमाणावर घडलं नाही. याचं एक कारण धक्क्याच्या आकारात आहे आणि दुसरं महिन्यात. डिसेंबर होता. पाऊस संपून दोन महिने उलटले होते, उतारावरची माती निथळून घट्ट झाली होती. दगडाच्या फटींत पाणी भरलेलं असतं तेव्हा ते आतून दाब देतं आणि पकड निम्मी-शिम्मी करून टाकतं; त्या पहाटे हा दाब नव्हता. त्यात सह्याद्रीचा गाभा म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक आडवे थर, सहजी न घसरणारे. कोयना परिसरात हा काळा पाषाण साधारण किलोमीटरभर जाड आहे आणि त्याखाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक. भूकंप घडला तो त्या खालच्या खडकातल्या जुन्या भ्रंशावर, म्हणजे खोल चिरेवर. भ्रंशाच्या दोन बाजू एकमेकींना घासत आडव्या सरकल्या. ऐन श्रावणात हाच धक्का बसला असता तर? हा प्रश्न मला कोयनेपेक्षाही अस्वस्थ करतो, कारण भर पावसाळ्यातल्या मोठ्या भूकंपाचं उदाहरण आपल्याच देशात घडून गेलेलं आहे.

१५ ऑगस्ट १९५०. देश स्वातंत्र्याचा तिसरा वाढदिवस साजरा करत होता. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास आसाम आणि तिबेटच्या सीमेवर ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. ६.३ आणि ८.६ हे आकडे शेजारी लिहिले की फरक किरकोळ वाटतो, पण मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेच्या हिशेबात आसामचा धक्का कोयनेच्या अडीच हजार पटींहून मोठा होता. पावसाने भिजलेले मिश्मी आणि अबोर टेकड्यांचे उतार शेकडो ठिकाणी सोलून निघाले. अबोर टेकड्यांत दरडींनी सत्तरच्या आसपास गावं उद्ध्वस्त केली. पण त्याहून जास्त जीव घेणारी गोष्ट त्यानंतर झाली. सुबनसिरी नदीत डोंगर कोसळून आपोआप बांध तयार झाला आणि त्यामागे पाणी तुंबत राहिलं. आठ दिवसांनी तो बांध फुटला. सुमारे सात मीटर उंचीची लाट खालच्या गावांवर गेली आणि ५३२ माणसं त्यात गेली. भूकंपातून वाचलेली माणसं होती ती. दरडींची माती पुढे ब्रह्मपुत्रेत उतरली, नदीचा तळ वर आला आणि दिब्रुगडसारख्या शहराचे काठ नदी पुढची अनेक वर्षं खात राहिली.

सह्याद्रीत मात्र डोंगर खाली आणतो तो पाऊस, आणि या बाबतीत आपण फार उशिरा जागे होतो. माळीण (ता. आंबेगाव) ३० जुलै २०१४ रोजी गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाडजवळच्या तळिये गावात ऐंशीहून अधिक. त्याच अतिवृष्टीत पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे या गावांवर दरडी आल्या. ही गावं कोयनेच्या परिसरातलीच. त्या वेळी महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. करमाळ्याकडे बऱ्या वर्षात चार महिन्यांचा मिळून जेवढा पाऊस होतो, साधारण तेवढा एका दिवसात. पाषाणावर झिजून साठलेला मुरूम आणि तांबडी माती हे पाणी पीत जातात, खालचा पाषाण ते आत घेत नाही. दोहोंच्या मधोमध पाण्याचा थर तयार होतो आणि वरचं सगळं त्यावरून सरकतं. लाव्ह्याच्या दोन थरांमधला गेरूसारखा मऊ पट्टा असेल तर काम आणखी सोपं होतं. पाटण तालुक्यातल्या त्या दरडी भूकंपाने पडल्या नाहीत. पण १९६७ पासून कोयनेच्या परिसरात पाचच्या वरचे वीसहून अधिक आणि लहान तर हजारो धक्के बसलेले आहेत. धक्क्याने पडलेली भेग लगेच दरड आणत नाही, पण पुढच्या पावसाला आत शिरायला वाट देते. म्हणून कोयना-वारणेच्या उतारावरच्या गावांत धक्का जाणवला, की माथ्यावर चालत जाऊन नवी भेग पडली आहे का, एखादा झरा अचानक गढूळ झाला किंवा आटला आहे का, झाडं आणि विजेचे खांब कलले आहेत का, हे कुणीतरी बघायला हवं. हे काम गावकऱ्यांइतकं नीट कुणालाच जमणार नाही, आणि ते त्यांच्याकडे रीतसर सोपवलेलं असावं असं मला मनापासून वाटतं.

उजनीचं थोडक्यात. कोयनेचा जलाशय भरायला लागल्यावर, १९६२ पासूनच, तिथे धक्के जाणवू लागले. पाण्याच्या वजनाने आणि खोल फटींत झिरपलेल्या पाण्याच्या दाबाने, आधीच ताणाखाली असलेला भ्रंश सरकतो हे तिथे दिसलं. जगभरचे शास्त्रज्ञ या एका ठिकाणाकडे डोळे लावून असतात. पाटण तालुक्यात गोठण्याला तीन किलोमीटर खोल विवरही घेतलं गेलं आहे. उजनीची साठवण ११७ टीएमसी, म्हणजे कोयनेच्या १०५ टीएमसीपेक्षा जास्तच. पण पाणी किती, यापेक्षा ते किती खोल आहे आणि खाली ताणलेला भ्रंश आहे की नाही यावर सगळं ठरतं. कोयनेचं पाणी अरुंद दरीत खोल उभं आहे, उजनीचं भीमेच्या सपाट काठांवर पसरलेलं. उजनी भरून चार दशकं झाली, कोयनेसारखी धक्क्यांची साखळी तिथे तयार झालेली नाही.

केमला दरडीचं भय नाही. पण तुमच्या पूर्वेला दीडशे किलोमीटरच्या आत किल्लारी आहे, तिथल्या भूकंपाकडे बघा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, गणपती विसर्जनाची रात्र नुकती सरलेली. तीव्रता ६.२, कोयनेपेक्षा किंचित कमीच. डोंगर नाही, मोठा उतार नाही, तरी मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या घरात गेला. घरांनी माणसं मारली. मातीत रचलेल्या दोन-अडीच हात जाडीच्या दगडी भिंती, आणि त्यांच्यावर माळवदाचं ओझं. अशा भिंतीचा आतला आणि बाहेरचा पदर एकमेकांना बांधलेला नसतो. धक्का बसला की दोन्ही पदर दोन बाजूंना सुटतात आणि छप्पर सरळ खाली येतं.

तुमच्या गावात अशी जुनी घरं अजून राहती असतील. भिंतीच्या दोन्ही पदरांतून आरपार जाणारे लांब दगड जागोजागी बसवून घेता येतात. दारांच्या वर चारही भिंतींना सलग बांधणारा काँक्रीटचा पट्टा नव्या बांधकामात हवाच. आणि माळवद गळू नये म्हणून मृगाच्या आधी वर पांढरी माती टाकतात, तेव्हा जुना थर काढून मग नवा घाला. किल्लारीच्या ढिगाऱ्यांत वर्षानुवर्षं असा थरावर थर चढलेली छपरं सापडली होती.