वाहनाच्या रंगावरील खोल ओरखडा : कारणमीमांसा व उपाय

आपल्या महाविद्यालयाच्या आवारात उभ्या असलेल्या वाहनांकडे पाहिले, तर एकही ओरखडा नसलेले वाहन विरळाच. मालकाला त्यात वाहनाच्या रूपाची हानी दिसते. रसायनशास्त्र शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला तेथे एका विद्युत-रासायनिक क्रियेचा आरंभ दिसतो. ओरखडा दुरुस्त करणे म्हणजे त्यावर रंग लावणे, असा समज सर्रास आढळतो. तो का टिकत नाही आणि योग्य पद्धत कोणती, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम रंगाची रचना पाहू. मोटारीच्या पोलादी पत्र्यावर सामान्यतः पुढील थर असतात : तळाशी फॉस्फेटचा अतिशय पातळ थर, त्यावर विजेच्या साहाय्याने बसविलेला सुमारे २० मायक्रॉनचा प्रायमर, मग पृष्ठभाग सपाट करणारा दुसरा प्रायमर, नंतर रंग, आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. सर्वांची मिळून जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा सातवा ते दहावा हिस्सा. विजेने प्रायमर बसविण्याची रीत फोर्ड कंपनीने १९६० च्या दशकात मोटारींच्या सांगाड्यांसाठी वापरात आणली. गंजापासून खरे रक्षण तळाचे थर करतात.

ओरखड्यावरून नख फिरवून पाहावे. नख अडकले नाही, तर तो क्लिअर कोटपुरता असून पॉलिशने जातो. नख अडकले आणि तळाशी उघडी धातू किंवा तांबूस डाग दिसला, तर तो खोल समजावा. चुंबक लावून पाहावा. तो चिकटला तर पत्रा पोलादी आहे. प्लॅस्टिकच्या भागाला गंजाचे भय नाही.

आता गंजाकडे वळू. केंब्रिजचे यू. आर. एव्हान्स यांनी १९२० च्या दशकात एक सोपा प्रयोग दाखविला. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवावा. त्यात फिनॉल्फ्थॅलिन व पोटॅशियम फेरिसायनाइड मिसळलेले असावे. काही वेळाने थेंबाचा मध्य निळा आणि कडा गुलाबी होते. कडेला हवेतील प्राणवायू मुबलक मिळतो; तेथे हायड्रॉक्साइड तयार होते. मध्यभागी तो कमी पोहोचतो; तेथे लोखंड विरघळते. ओरखड्यावर नुसता रंग फासला म्हणजे हेच घडते. रंगातून पाणी व प्राणवायू थोडेथोडे झिरपतात, हायड्रॉक्साइडमुळे रंगाची पकड सुटते आणि गंज रंगाखालून पसरतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्याने वर फुगवटा येतो. वरून कीर्तन, आतून तमाशा, अशी ही अवस्था!

म्हणून दुरुस्ती तळापासून करावी. मी अनुसरतो तो क्रम असा :

१. साबणाच्या पाण्याने भाग धुऊन पूर्ण कोरडा करावा. मेण व तेलकटपणा काढून टाकावा.

२. पॉलिश पेपरने गंज निघून पत्रा उजळ दिसेपर्यंत घासावे. मग ४०० नंबरच्या पेपरने भोवतालच्या रंगाच्या कडा उतरत्या कराव्यात. उभी कड राहिली तर ती रंगाखालून दिसत राहते.

३. उघडा पत्रा रात्रभर ठेवू नये. त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरचे पातळ हात द्यावेत.

४. चरा उरलाच तर पुट्टी भरावी. ती पाणी शोषते. म्हणून कोरडीच घासावी आणि तिच्यावर पुन्हा प्रायमर द्यावा.

५. वाहनावरील पट्टीवर रंगाचा क्रमांक असतो. तोच रंग दोन-तीन पातळ हातांत द्यावा. त्यावर क्लिअर कोट.

६. काही दिवस वाळू द्यावे. मग २००० नंबरच्या पेपरने पाण्यात घासून रबिंग कंपाउंडने चकाकी आणावी.

दोन सूचना आवश्यक वाटतात. पहिली पावसाळ्याची. द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील बाष्प त्यावर जमते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. बेळगावच्या झडीत हे हमखास घडते. तेव्हा हे काम मे महिन्यापूर्वीच उरकावे. दुसरी सूचना अधिक गंभीर आहे. हार्डनर मिसळून फवारावयाच्या अनेक क्लिअर कोटमध्ये आयसोसायनेट असते. त्याने कायमचा दमा जडू शकतो, आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्यापासून रक्षण करीत नाही. विद्यार्थ्यांनी हार्डनर न लागणारा, कुंचल्याने लावावयाचा टचअप रंगच वापरावा. गॅरेजमध्ये काम देताना रंगाऱ्याजवळ योग्य मुखवटा आहे किंवा नाही, हेही पाहावे. आपल्या गाडीच्या चकाकीसाठी त्याच्या श्वासाचे मोल पडता कामा नये.

एव्हान्स यांचा प्रयोग आपल्या प्रयोगशाळेत अर्ध्या तासात करता येतो. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी तो अवश्य करून पाहावा, आणि मग आपल्या वाहनावरील ओरखडे एकदा तपासावेत.