पहिली एक्सपोर्ट ऑर्डर आणि कमी पडलेला ३०० किलो बेदाणा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण तीन विषय घेतले: व्यावसायिक नीतिमत्ता, व्यावसायिक पर्यावरण आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराची तोंडओळख. पुस्तकात हे तीन वेगवेगळे धडे असतात. धंद्यात मात्र ते एकाच दिवशी, एकाच टेबलावर येऊन बसतात. ते कसं, हे एका प्रसंगातून बघू.

समजा, तासगावला तुमचं बेदाणा प्रतवारी आणि पॅकिंगचं छोटं युनिट आहे. युरोपातल्या एका खरेदीदाराला तुम्ही गंधकाची धुरी न दिलेल्या बेदाण्याचं सॅम्पल पाठवलं. त्याला ते आवडलं. १ टनाची ट्रायल ऑर्डर आली. घरात पेढे वाटून झाले. माल भरायची तारीख चार दिवसांवर आली तेव्हा लक्षात आलं की सॅम्पलसारखा माल फक्त ७०० किलो आहे. तेवढ्यात ओळखीचा व्यापारी म्हणतो, "माझ्याकडे ३०० किलो पडलाय. हलकी धुरी दिलेला आहे, पण मिसळला की कुणाला कळणार? सगळे असंच करतात."

तुम्ही काय कराल? पुढे वाचण्याआधी मनाशी उत्तर ठरवा. प्रामाणिकपणे ठरवा, इथे मार्क नाहीत.

१) नीतिमत्ता: तीन प्रश्न विचारा

पहिला प्रश्न: हे कायद्यात बसतं का? दुसरा: आपण जे कबूल केलं त्यात बसतं का? तिसरा: यामुळे कुणाला इजा होईल का?

बेदाण्याला गंधकाची धुरी देणं हा काही गुन्हा नाही. मर्यादेत राहून ती दिली जाते, रंग उजळ राहतो. म्हणून व्यापारी म्हणेल, "यात बेकायदा काय आहे?" पण तुम्ही कबूल केलं होतं धुरी न दिलेल्या मालाचं. आणि तिसरा प्रश्न तर फारच महत्त्वाचा. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटमुळे श्वासाचा त्रास होतो. म्हणूनच युरोपात एका किलोत १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सल्फर डायऑक्साइड असेल तर ते लेबलवर लिहावंच लागतं. तुमच्या पाकिटावर ते लिहिलेलं नसेल आणि आत असेल, तर ही नुसती भेसळ राहत नाही. ज्याने लेबल वाचून विश्वास ठेवला, त्याच्याच तब्येतीशी तो खेळ होतो.

लक्षात ठेवा: सॅम्पल ही जाहिरात नाही, सॅम्पल हा शब्द आहे. तो दिला की पाळायचा.

२) पर्यावरण: आपल्या हातातलं आणि हाताबाहेरचं

इथे पर्यावरण म्हणजे झाडं-पाणी नव्हे, तर आपल्या धंद्याभोवतीची परिस्थिती. त्याची तीन वर्तुळं काढा. आतलं वर्तुळ म्हणजे अंतर्गत पर्यावरण: तुमचे कामगार, भांडवल, यंत्रं, कामाच्या सवयी. मधलं वर्तुळ म्हणजे सूक्ष्म पर्यावरण: ग्राहक, पुरवठादार, स्पर्धक, मध्यस्थ. बाहेरचं म्हणजे स्थूल पर्यावरण: सरकार, कायदे, चलनाचा दर, हवामान, तंत्रज्ञान, परदेशातले नियम.

बाहेरचं वर्तुळ किती जोरात आदळतं, हे आपल्या द्राक्ष बागायतदारांना विचारा. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडल्याच्या तक्रारी झाल्या. त्यानंतर अपेडाने ग्रेपनेट ही व्यवस्था उभी केली. बागेची नोंदणी, प्रयोगशाळेत तपासणी आणि पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढण्याची सोय.

तरीही २०१० च्या हंगामात फटका बसलाच. क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागेत ज्याला 'सीसीसी' म्हणतात, ते वेलीची वाढ रोखायला वापरलं जायचं. आपल्याकडे त्याच्या वापरावर बंदी नव्हती. निर्यातीआधी ज्या रसायनांची तपासणी व्हायची, त्या यादीतही ते नव्हतं. युरोपची मर्यादा मात्र होती एका किलोत ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे २ कोटी भागांत १ भाग! कंटेनर तिकडे अडकले, माल नाकारला गेला, निर्यातदार आणि शेतकरी दोघांचंही मोठं नुकसान झालं. त्यानंतर ते रसायन तपासणीच्या यादीत आलं.

यातून दोन धडे घ्या. एक, "आपल्याकडे चालतं" हे परदेशात उत्तर नसतं. माल जिथे खाल्ला जाणार, तिथला नियम आधी वाचायचा. दोन, परदेशी खरेदीदार आपल्याला एकेकट्याला ओळखत नाही, तो 'भारतीय माल' ओळखतो. एक नासका आंबा सगळी अढी नासवतो. तुमच्या ३०० किलोची किंमत गावातला दुसरा प्रामाणिक पॅकरही मोजतो.

३) व्यापाराची तोंडओळख: कागद काय सांगतात

सुरुवातीला एवढं हवं: डीजीएफटीकडून आयईसी नंबर (तो पॅनवर आधारित असतो, अर्ज ऑनलाइन होतो), बँकेत चालू खातं, जीएसटी नोंदणी, खाद्यपदार्थासाठी एफएसएसएआयचं लायसन्स आणि बेदाण्यासारख्या मालासाठी अपेडाची नोंदणी. मालाचा एचएस कोडही अचूक हवा. ताजी द्राक्षं ०८०६ १० मध्ये येतात, बेदाणा ०८०६ २० मध्ये.

भाव देताना अट स्पष्ट लिहा. एफओबीमध्ये माल बंदरात जहाजावर चढला की पुढचा खर्च आणि जोखीम खरेदीदाराची. सीआयएफमध्ये पलीकडच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा तुम्ही भरता. पण जोखीम मात्र इथेही माल जहाजावर चढल्यावरच त्याच्याकडे जाते. इथे बरेच नवे निर्यातदार गोंधळतात.

पैशांसाठी ॲडव्हान्स, बँकेमार्फत कागदपत्रं पाठवणं किंवा एलसी असे मार्ग आहेत. एलसीमध्ये बँक कागदपत्रं तपासते, माल नाही. पोतं उघडून ती बेदाणा बघत नाही. म्हणजे मिसळलेल्या मालाचेही पैसे कदाचित मिळून जातील. पण पुढची ऑर्डर बँक देत नाही, ती खरेदीदार देतो. खरेदीदार पैसे बुडवेल अशी भीती असेल तर ईसीजीसीचा विमा घेता येतो. तुमचा शब्द बुडाला तर त्याला विमा नाही.

आणखी एक मोह सांगतो. कधी खरेदीदारच म्हणतो, "इनव्हॉइसवर किंमत कमी दाखवा, उरलेली रक्कम वेगळ्या मार्गाने देतो." त्याला तिकडची ड्युटी वाचवायची असते. तुम्ही मात्र इथे कस्टम्स आणि फेमा या दोन्ही कायद्यांच्या कचाट्यात सापडता. वर उरलेली रक्कम त्याने दिलीच नाही, तर कुठल्या तोंडाने मागणार? सरळ सांगा, "आमच्याकडे एकच बिल निघतं."

मग त्या ३०० किलोचं काय?

खरेदीदाराला त्याच दिवशी ईमेल करा: "सॅम्पलच्या प्रतीचा ७०० किलो माल तयार आहे. तो आत्ता पाठवू की पुढच्या लॉटसोबत पूर्ण १ टन पाठवू? तुम्ही सांगाल तशी ऑर्डर आणि कागदपत्रं बदलून घेऊ." एलसी असेल तर माल भरायच्या आधीच त्यात दुरुस्ती करून घ्या. नफा कमी होईल. कदाचित तो नाराज होईल, एखादा ऑर्डर रद्दही करेल. हे नुकसान खरं आहे, ते मी गोड करून सांगणार नाही. पण ते मोजता येतं. मिसळलेला माल तिकडच्या प्रयोगशाळेत सापडला तर काय काय जाईल, ते मोजता येत नाही.

आणि मुळात चूक कुठे झाली? हातात माल किती आहे ते न बघता १ टन कबूल केला तिथे. म्हणजे आतल्या वर्तुळात. नीतिमत्तेची परीक्षा चार दिवस आधी आली, पण पेपर ऑर्डर घेतली त्याच दिवशी फुटला होता.

घरचा अभ्यास

वहीत तुमच्या धंद्याची तीन वर्तुळं काढा आणि प्रत्येकात पाच-पाच गोष्टी लिहा. मग ग्राहकाला तुम्ही दिलेल्या तीन शब्दांची यादी करा: प्रत, वजन, तारीख काहीही. त्यातला कुठला शब्द मोडायची वेळ सगळ्यात आधी येईल, त्याच्यासमोर फुली मारा. त्यावर आजच उपाय शोधा, ऑर्डर आल्यावर नाही.

पुढच्या भागात आपण एक निर्यात इनव्हॉइस ओळीओळीने भरून बघू. तोपर्यंत वही आणि पेन तयार ठेवा. भेटू!