वर्गणी भरली, गेम कुठे आहेत?

प्रश्न : ‘हजारहून अधिक गेम, हवे तेवढे खेळा’ ही जाहिरात पाहून मुलासाठी एका क्लाउड गेमिंग सेवेची वर्षाची वर्गणी भरली. आता त्याला हवे ते गेम वेगळे विकत घ्या म्हणतात. पैसे परत मागता येतील का?

उत्तर : मागाच. काही क्लाउड सेवा फक्त दूरचा संगणक भाड्याने देतात. गेम तुम्ही आधीच विकत घेतलेला असावा लागतो. ही अट जाहिरातीत बारीक अक्षरांत दडवणेही नियमात बसत नाही. केंद्राच्या २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फॉन्टमध्ये हवा. मुलांच्या हट्टावर डोळा ठेवून केलेल्या अशा जाहिरातींचा मला मनस्वी संताप येतो.

जाहिरातीचा आणि पावतीचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, कारण जाहिरात कधीही बदलते. कंपनीला ईमेलने कळवा. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

पुढच्या वेळी आधी महिन्याचीच वर्गणी घ्या, आणि तीही मुलाच्या आवडीचा गेम सेवेच्या यादीत नावानिशी सापडला तरच. यूट्यूबवर कौतुक करणाऱ्याने पैसे घेतलेत का, तेही बघा. ऑटोपे मात्र आत्ताच बंद करा.