पुरात भिजलेले सागवान : सुकविणे व पुन्हा वापरात आणणे

आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके या जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले. जैनद, बेला या भागांतील मराठी बोलणारी गावे मात्र नदीच्या याच बाजूस राहिली. पूर आला म्हणजे दोन्ही काठांवरील घरांत सारखाच गाळ शिरतो. २०२२ च्या जुलै महिन्यात पैनगंगा, प्राणहिता व गोदावरी या तिन्ही नद्यांना मोठे पूर आले. निर्मल भागातील कडेम धरण १९५८ साली पुराने फुटले होते. त्याच धरणाच्या दरवाजांवरून २०२२ च्या त्या जुलैत पाणी वाहिले.

पूर ओसरल्यावर धान्य, कपडे व जनावरे यांच्याकडे प्रथम लक्ष जाते आणि ते योग्यच आहे. परंतु घरातील लाकूडसामान, म्हणजे दाराच्या फळ्या, चौकटी, पाट, पेट्या, शाळेचा फळा व बाके, यांचे नुकसान पुरापेक्षा पूर ओसरल्यानंतरच्या आठ-दहा दिवसांतच अधिक होते. भिजून जड झालेले कवाड बिजागऱ्यांवरून काढून उन्हात भिंतीला टेकवून ठेवले जाते. चार दिवसांत त्याला चिरा पडतात, फळ्या पन्हळीसारख्या वाकतात आणि मग ते जळणाच्या भावाने विकले जाते. आजोबांच्या वेळचे अस्सल सागवान असे चुलीत जाते व त्याच्या जागी बाजारातील हलके दार येते. सागाचे झाड तोडण्यास व लाकूड नेण्यास वन खात्याचा परवाना लागतो, त्यामुळे त्या प्रतीची फळी पुन्हा मिळविणे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात राहिलेले नाही. आठवडाभर पाण्यात राहिल्याने सागवान सहसा निकामी होत नाही. ते निकामी होते घाईने सुकविल्यामुळे.

असे का होते, हे समजून घेणे कठीण नाही. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांचा जुडगा होय. पाणी दोन ठिकाणी राहते : नळ्यांच्या पोकळीत आणि नळ्यांच्या भिंतीत. पोकळीतील पाणी निघून जात असता फळीचे वजन घटते, पण आकार बदलत नाही. लाकडातील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांवर आले की पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात; त्यानंतर भिंतीतील पाणी निघू लागते आणि लाकूड आकसते. हे आकसणे सर्व दिशांना सारखे नसते. लांबीत ते जवळजवळ नसतेच. पूर्ण ओले सागवान पूर्ण कोरडे होईपर्यंत वर्तुळरेषांच्या दिशेने सुमारे ५ टक्के आकसते, तर गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने त्याच्या निम्मेच. ३० सेंटीमीटर रुंदीची, कडेने कापलेली फळी ३० टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आली, तर तिची रुंदी सुमारे ९ मिलीमीटरने कमी होते. फळी एका बाजूनेच उन्हात तापली, तर वरचा थर आकसू लागतो आणि आतला ओला थर त्याला आकसू देत नाही. या ओढाताणीत वरचा थर फाटतो. त्यालाच आपण चीर म्हणतो.

शिक्षकांना हा पाठ वर्गात प्रत्यक्ष दाखविता येईल. लाकडाचा छोटा तुकडा भिजवून तोलावा, नंतर सुमारे १०३ अंश सेल्सिअस उष्णतेच्या भट्टीत वजन घटणे थांबेपर्यंत ठेवून पुन्हा तोलावा. घटलेल्या वजनास कोरड्या वजनाने भागून शंभराने गुणले की पाण्याचे शेकडा प्रमाण निघते. १३० ग्रॅमचा तुकडा १०० ग्रॅमवर आला, तर त्यात ३० टक्के पाणी होते.

आता प्रत्यक्ष काम. नुकसानीचा पंचनामा व्हावयाचा असेल तर सामान हलविण्यापूर्वी त्याची छायाचित्रे घेऊन ठेवावीत. फळ्यांच्या ढिगात विंचू-साप आश्रयाला आलेले असतात, म्हणून हात घालण्याआधी काठीने ढीग हलवावा. कवाडाच्या कड्या, कोयंडे, बिजागऱ्या व शक्य तितके खिळे काढून टाकावेत. ओल्या सागवानाशी लोखंडाचा संयोग झाला की काळे डाग उतरतात व ते खोलवर जातात. गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्याने व मऊ कुंचल्याने धुवावा. वाळलेला गाळ खरवडताना लाकडाचा पृष्ठभागही निघून येतो. जुना तैलरंग एकाच बाजूस असेल तर तो खरवडून काढणे इष्ट, कारण रंगाच्या बाजूने पाणी बाहेर पडत नाही आणि फळी वाकते.

लाकूड ओले असतानाच कीडनाशकाचा हात द्यावा. बोरिक ॲसिड २०० ग्रॅम व टाकणखार म्हणजे बोरॅक्स ३०० ग्रॅम १० लिटर कोमट पाण्यात विरघळवून ते द्रावण कुंचल्याने दोन-तीन वेळा लावावे. ही द्रव्ये ओल्या लाकडात आपोआप आत झिरपत जातात. कोरड्या लाकडात ती वरच राहतात. अर्थात पावसाच्या पाण्याने ती धुपूनही जातात, त्यामुळे पुढे रंग किंवा तेल लागतेच. हातमोजे वापरावेत, मुले व जनावरे दूर ठेवावीत, उरलेले द्रावण ओढ्यात ओतू नये. पोळपाट, काथवट अशा अन्नाशी संबंध येणाऱ्या वस्तूंना ते मुळीच लावू नये.

यानंतर फळ्या रचणे. ओसरी, गोठ्याची मोकळी बाजू किंवा पत्र्याची पडवी, जेथे सावली आहे व वारा खेळतो, अशी जागा निवडावी. जमिनीपासून हातभर उंचीवर विटांचे सपाट ठोकळे मांडावेत. त्यांवर फळी आडवी ठेवून तिच्यावर दीड-दोन फुटांच्या अंतराने एकसारख्या जाडीच्या कोरड्या पट्ट्या टाकाव्यात, मग दुसरी फळी, पुन्हा पट्ट्या. सर्व पट्ट्या खालपासून वरपर्यंत एका ओळंब्यात हव्यात. एखादी पट्टी सरकली तर फळी तेथेच झोळ खाते. या एका गोष्टीकडे जितके दुर्लक्ष होते तितके दुसऱ्या कशाकडेही होत नाही. सर्वांत वर दगड किंवा मातीची पोती ठेवून भार द्यावा. फळीच्या दोन्ही टोकांना मेण, डांबर किंवा जाड रंग फासावा, कारण टोकांतून पाणी फार जलद जाते व तेथूनच फाटण्यास आरंभ होतो. चुलीजवळ किंवा पंख्याच्या थेट झोतात ढीग ठेवू नये.

सुकण्यास किती दिवस लागतील? याचे एकच उत्तर नाही. सागाचे गाभ्याचे लाकूड पाणी सावकाश शोषते. आंबा व सावर यांसारखी लाकडे चटकन भिजतात आणि त्यांवर बुरशीही लवकर धरते. दिवस मोजण्यापेक्षा वजन मोजावे. कापूस पिकविणाऱ्या या जिल्ह्यात गावोगाव वजनकाटा आहेच. ढिगातील एका फळीवर खूण करून ती दर आठवड्यास तोलावी व वजन भिंतीवर खडूने लिहावे. लागोपाठ तीन आठवडे वजन तेच राहिले, म्हणजे फळी त्या ऋतूच्या हवेइतकी सुकली असे समजावे. ‘त्या ऋतूच्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पावसाळ्यात सावलीतले लाकूड १५ टक्क्यांच्या खाली क्वचितच येते. उन्हाळ्यात ते १० टक्क्यांच्याही खाली जाते. बुरशीला सुमारे २० टक्क्यांहून अधिक ओल लागते, तेव्हा तेवढा धोका टळतो; परंतु सांधेजोड व रंगकाम यांची वेळ अजून आलेली नसते. दसऱ्या-दिवाळीला घर रंगविण्याची आपली रीत आहे. ज्या वर्षी घरात पूर शिरला त्या वर्षी भिंती खुशाल रंगवाव्यात, दारे मात्र थंडी पडेपर्यंत तशीच ठेवावीत.

घाई न करण्याचे सर्वांत मोठे उदाहरण स्वीडनमध्ये आहे. ‘वासा’ ही लाकडी युद्धनौका १६२८ मध्ये स्टॉकहोमच्या बंदरात बुडाली व १९६१ मध्ये वर काढण्यात आली. शतकानुशतके पाण्यात राहिल्याने तिच्या लाकडाचा बाहेरचा थर कमकुवत झाला होता; नुसते सुकविले असते तर ते चिरफाळले असते. म्हणून पाण्याची जागा घेणारे पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाचे द्रव्य तिच्यावर १७ वर्षे फवारण्यात आले, आणि त्यानंतरही ती हळूहळूच सुकविली गेली. पुरात आठवडाभर भिजलेल्या दाराला अशा द्रव्याची गरज नाही. त्याला सावली व वेळ पुरते.

प्लायवूडची गोष्ट वेगळी. ते पातळ थर चिकटवून केलेले असल्याने त्याचे आयुष्य गोंदावर अवलंबून असते. परदेशात मोटरनौकेमागे दोरी धरून पाण्यावर घसरण्याच्या खेळातील लाकडी फळ्याही अशाच थरांच्या असतात, आणि त्यांतही पाणी कडेतून व स्क्रूच्या भोकांतून शिरते. शाळेच्या बाकाचे तेच होते. बाक पूर्ण सुकल्यावर बोटाच्या सांध्याने ठोकून पाहावे. पोकळ आवाज येईल तेथे थर सुटले आहेत. तेथे पातळ सुरीने फट उघडून जलरोधक गोंद आत भरावा, दोन सपाट फळ्यांमध्ये दाबून एक दिवस भाराखाली ठेवावे व कडा रंगाने बंद कराव्यात. सगळेच थर सुटले असतील, किंवा भुशाच्या दाबीव फळीसारखे सामान फुगले असेल, तर त्यावर खर्च करू नये.

सुकलेल्या सागवानी फळीची दुरुस्ती गावचा सुतार सहज करील. बारीक चिरांत त्याच लाकडाचा भुसा गोंदात मळून भरावा, रुंद चिरेत पातळ पाचर बसवावी. पृष्ठभाग काचकागदाने घासून उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात दोन्ही बाजूंना व कडांना सारखेच द्यावेत. येथे एक सावधगिरी अवश्य हवी : जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्यास त्या आपोआप तापून पेट घेतात. कापूस घरात साठविणाऱ्यांनी तर हे विसरू नयेच. चिंध्या पाण्यात बुडवाव्यात किंवा बाहेर सुट्या पसरून वाळवाव्यात.

कवाड पुन्हा बसविताना चौकटीत थोडी फट राहू द्यावी. बिजागऱ्यांचे गंज घासून त्यांना तेल द्यावे, जुन्या भोकांत लाकडी खुंटी ठोकून मगच नवा स्क्रू बसवावा. पुढच्या श्रावणात दार घट्ट होऊन अडले, तरी लगेच रंधा मागवू नये. त्या वेळी छिललेले दार शिमग्यापर्यंत आकसते आणि मग फटीतून अंगण दिसू लागते.